कोहळ्याला पाय नसतात

केलसुमची मांडी साऱ्या गावाच्या ओळखीची होती. तुंपात शहराच्या अलीकडं, भातखाचरांच्या मधोमध वसलेलं ते गाव, आणि त्यातली निम्मी माणसं जगात आल्यावर पहिल्यांदा घरी आली ती त्या मांडीवरून. सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन तिथं आली. सासू सुईण. भांडी घासता घासता सुनेनं ते काम बघितलं, मग हाताखाली केलं, आणि सासू गेल्यावर कोणी न सांगताच ते तिच्याकडं आलं. गाव तिला तोक म्हणायला लागलं. तोक म्हणजे आजीही आणि सुईणही, तिथं दोन्हीला एकच हाक.

पुढं बाळंतपणं शहरातल्या इस्पितळात व्हायला लागली, तेव्हा लोकांना वाटलं, बसली आता तोक हात चोळत. पण कसलं काय! बाळंतिणीला गरम दगडानं शेकायचं कोणी? तिच्या पोटाला लांब कापडाचे वेढे देऊन ते जागेवर कोणी आणायचं? तिनं चोरून थंड सरबत पिऊ नये म्हणून चव्वेचाळीस दिवस पहारा कोणी द्यायचा? आणि मुख्य म्हणजे, बाळाला इस्पितळातून घरी आणायचं कोणी?

ते आणणं बघण्यासारखं असे. गाडी कोणाचीही असो, मागच्या बाकावर बरोबर मधोमध केलसुम बसायची. गुडघे फाकवून कमरेला गुंडाळलेली सारोंग ताणली की तिची झोळी व्हायची. मग बाळ तिच्या हातात देत. बिस्मिल्ला म्हणून ती त्याला दुपट्यात बांधायची. चार घड्या, तीन वेढे आणि एक खोचा, एवढंच, पण हात आत गेले की गेले. बाहेर फक्त तोंड. रडणारं पोर तिसऱ्या वेढ्याला गप्प व्हायचं. बायका म्हणायच्या, तोकनं बांधलेलं पोर खिडकीतून फेकलं तरी जागं व्हायचं नाही. फेकून कोणी बघितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्याआधी गाड्या नव्हत्या तेव्हा तिच्या नवऱ्याची, देरामानची, तीनचाकी सायकल होती. पुढं दोन माणसांची बैठक, मागं पॅडल मारणारा देरामान. किती पोरं त्या बैठकीत तिच्या मांडीवरून आली त्याचा हिशोब दोघांनीही ठेवला नाही. देरामान गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. सायकल खांबांवर उभ्या घराच्या खाली, एका खांबाला टेकून उभी होती आणि तिच्यात कोंबडी अंडी घालत होती.

एवढं सगळं सांगायचं कारण, अशी ही बाई, आणि तिच्या स्वतःच्या नातीच्या वेळी तिची मांडी रिकामी राहिली.

सुरायनी तिचं शेंडेफळ. तीन मुलगे कामधंद्याला लांब गेले, ही क्वालालंपूरला नोकरीला गेली, आणि बाळंतपणाला मात्र आईकडं आली. तिचा नवरा अझान इपोह शहरातला. सरळ माणूस, पण थोडा पुस्तकी. मुलगी झाली. नाव ठेवलं इनास, पण केलसुम तिला मेकच म्हणायची, त्या भागात लाडक्या लेकीबाळींना म्हणतात तसं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळातून निघताना केलसुम सवयीनं मागच्या दारातून आत शिरली, तर मधोमध बसायला जागाच नाही. खिडकीच्या बाजूला एक भलीमोठी खुर्ची बांधून ठेवलेली. तीही उलटी. पाठ पुढं, तोंड मागं.

“हे काय आणलंस?” तिनं विचारलं.

“बाळाची कार सीट, आई,” अझान म्हणाला. “आता कायदाच आहे.”

“उलटी बसवलीयेस. रुसलेल्या माणसासारखी.”

“उलटीच असते. लहान बाळाचं तोंड मागंच हवं.”

“म्हणजे जन्माला आल्याबरोबर पोरीनं भिंतीकडं तोंड करून बसायचं? असा काय गुन्हा केला तिनं?”

अझाननं समजावून सांगितलं. मान, पाठ, धक्का, वेग. केलसुमनं सगळं ऐकलं आणि तिला त्यातलं ‘धक्का’ एवढंच कळलं. तोवर त्यानं मेकला खुर्चीत ठेवून खांद्यांवरून दोन पट्टे घेतले, दोन पायांमधून आलेल्या बक्कलात ते खट् खट् अडकवले आणि पट्टा ओढला. केलसुम शेजारी बसली होती. सारोंग गुडघ्यांत ताणलेलीच होती. त्या झोळीत कोणी काही टाकलं नाही. शेवटी तिनं आपली पर्स ठेवली.

मेक घरापर्यंत रडली. हात हवेत, पाय हवेत, जणू विहिरीत पडलीय. केलसुमचे हात दोनदा त्या बक्कलाकडं गेले आणि दोनदा सुरायनीनं पुढच्या सीटवरून मान वळवून नुसतं बघितलं.

घरी पोचल्यावर केलसुमनं तिला बांधलं. चार घड्या, तीन वेढे, एक खोचा. पोर गप्प.

“बघितलंस?” ती म्हणाली. सुरायनीनं बघितलं.

आता खरी गोष्ट अशी होती की केलसुमची एक पिशवी खाटेखाली तीन महिन्यांपासून भरून तयार होती. सुरायनीची रजा संपली की बाळाला सांभाळायला आपण क्वालालंपूरला जाणार, हे तिनं मनाशी धरलेलं. पिशवीत शेकायचा दगड, दोन सारोंगा, बुडूची, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या चटणीची, एक बाटली, कारण तिकडं मिळतो तो बुडू म्हणजे मिठाचं पाणी. फक्त तिला कोणी ‘ये’ म्हणालं नव्हतं. आणि सुरायनीच्या इमारतीत खाली पाळणाघर आहे हे तिनं फोनवरच्या बोलण्यात दोनदा ऐकलं होतं.

शेवटी तिनंच विचारलं. बाळंतिणीच्या पोटाला वेढे देताना विचारलं, कारण तेव्हा बाळंतीण कुठं पळून जाऊ शकत नाही.

“मला नेणार आहेस की नाही?”

“आई, श्वास घेऊ दे आधी.”

“घे आणि सांग.”

“तिकडं सगळं गाडीनं असतं, आई. लस गाडीनं, दवाखाना गाडीनं. मी ऑफिसात असणार. अझान गाडी चालवणार. मागं बाळाबरोबर तू एकटी. ती खुर्ची तुला नीट लावता आली पाहिजे. आणि ती रडली म्हणून तू तिला काढून मांडीवर घेणार नाहीस, याची मला खात्री पाहिजे.”

“आणि नाहीतर?”

“नाहीतर पाळणाघर.”

केलसुमनं पुढचा वेढा जरा जास्तच आवळला.

महिना झाला. अझान रजा टाकून आला, मेकला तपासणीला न्यायचं होतं. या वेळी केलसुमनं ठरवलं होतं की खुर्चीशी भांडायचं नाही. खुर्ची तर खुर्ची. पण पोर रडलं कशानं? मोकळं होतं म्हणून रडलं. मग त्याला बांधून ठेवलं तर? खुर्चीही खूश, पोरही खूश. इतकं साधं या शिकलेल्या लोकांना सुचू नये, याचं तिला नवल वाटलं.

तिनं मेकला घरातूनच बांधून आणलं, घट्ट, देखणं, केळीच्या पानातल्या भातासारखं. खुर्चीत ठेवलं. पट्टे वरून घेतले. मधलं बक्कल खालून वर येतं ते पायांमधून यायला हवं, पण पाय तर दुपट्यात. तिनं ते गाठोड्याच्या खाली सारलं आणि पट्टे वरच्या वर एकमेकांत गुंतवून घट्ट खोचले. खोचण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

“लागलं का, आई?” अझाननं पुढून विचारलं.

“लागलं.”

सुरायनी पायात मोजे, अंगात स्वेटर, डोक्याला पट्टी अशी बाळंतिणीच्या वेशात पुढं बसली होती आणि घामानं निथळत होती. तिनं मागं वळून बघितलं. मेक शांत झोपलेली. “अरे वा,” ती म्हणाली. त्या दोन शब्दांवर केलसुम दवाखान्याच्या अलीकडच्या वळणापर्यंत सुखात गेली.

वळणावर गाय बसली होती. त्या भागात गायी रस्त्यावर बसतातच, रस्ता कोरडा आणि गरम असतो म्हणून. अझान इपोहचा. त्याला ते माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

गाडी गायीपासून हातभर अंतरावर थांबली. गायीनं रवंथ सुरूच ठेवलं. आणि मागं, पट्ट्यांच्या खालून, ते गाठोडं साबणाच्या वडीसारखं वर सरकलं. खुर्चीची पाठ पुढच्या बाजूला होती, त्या पाठीवरून वर वर, आणि मेकचं डोकं खुर्चीच्या कडेबाहेर निघालं. केलसुमचा तळवा तिथं होता. का होता, कधी गेला, तिला आठवत नाही. डोकं तळव्यात येऊन थांबलं. पट्टे गाठोड्याच्या खालच्या टोकाशी लोंबत राहिले.

मेक झोपलेलीच होती.

सुरायनीनं वळून बघितलं. तळवा बघितला, लोंबणारे पट्टे बघितले, गाठोड्याखाली दबलेलं बक्कल बघितलं. मग ती पुढं वळली. दवाखाना येईपर्यंत फक्त अझान एकदा म्हणाला, “गायीचा मालक कोण आहे?” त्याचं उत्तर कोणाला नको होतं.

दवाखान्यात रोहाइझा मिसी होती. ही नर्स लहान असताना तिलाही केलसुमनंच मांडीवरून घरी आणलं होतं. मिसीनं मेकला उघडून तपासलं, वजन केलं, सगळं ठीक म्हणाली. मग सुरायनीनं झालेलं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, कुणा तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं.

“तोक,” मिसी म्हणाली, “बाळाला दुपट्यात बांधून कार सीटमध्ये ठेवायचं नाही.”

“का?”

“नाहीच ठेवायचं, तोक. आधी पट्टे, मग… अहो, बत्तीस नंबर कोण आहे? बत्तीस! या ना आत!”

बत्तीस नंबर जुळ्यांना घेऊन आत आला आणि केलसुमचं ‘का’ दारातच राहिलं.

गाडीपाशी सुरायनी म्हणाली, “आई, मी पाळणाघराला फोन करते.” रागानं म्हणाली असती तर केलसुमनं उलटं काहीतरी सुनावलं असतं. ती हळू म्हणाली.

अझान दुसऱ्या दिवशी कामावर परत गेला. खुर्ची मात्र घरीच ठेवून गेला, मध्येच कोणाच्या गाडीतून जायची वेळ आली तर असावी म्हणून. केलसुम ओट्यावर बसून त्या खुर्चीकडं बघत राहायची. तिला काही समजत नव्हतं. बांधलं तर पोर सुरक्षित. आयुष्यभर तिनं हेच केलं. पट्टे म्हणजेही बांधणंच. दोनदा बांधलं तर दुप्पट सुरक्षित व्हायला हवं. मग दोन्ही मिळून काहीच कसं राहिलं नाही? आणि चूक दुपट्याची म्हणावी तर इतकी पोरं? चूक पट्ट्याची म्हणावी तर कायदा? की चूक गायीची? गायीवर टाकून तिनं दोन दिवस बघितलं, पण मन राहीना. खुर्चीबरोबर आलेली पुस्तिका उघडून बघितली. अक्षरं तिला येत नव्हती फारशी आणि चित्रांतली सगळी बाळं हसत होती, त्यामुळं चुकतंय कोणाचं ते कळायला मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिनं परसातून एक कोहळा तोडून आणला. मेकच्या वजनाचा, हातावर तोलून निवडला. हाताचा अंदाज तिचा कधी चुकत नसे. कोहळ्याला तिनं दुपट्यात बांधलं, चार घड्या, तीन वेढे, एक खोचा. खुर्चीत ठेवला, त्या दिवशीसारखेच पट्टे खोचले आणि खुर्ची पुढं कलती केली.

कोहळा दुपट्यासकट सटकला, ओट्यावरून जिन्यावर, जिन्याच्या सात पायऱ्यांवरून ठण् ठण् करत खाली, आणि शेजारची चे तिमा पापड वाळत घालायला आली होती तिच्या पायाशी जाऊन थांबला.

चे तिमानं दुपटं उकललं.

“अगं केलसुम,” ती खालून म्हणाली, “नात तुझ्यावर गेलीय की काय? हिरवीगार आहे!”

“वर आण तिला.”

“आणते. जावळ कधी काढायचं हिचं?”

“तोंड बंद कर आणि वर ये. माझं डोकं चालत नाहीये.”

चे तिमा वर आली. खुर्ची, पट्टे, कोहळा, सगळं बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “साऱ्या गावाला बांधलंस आणि एक कोहळा बांधता येईना?”

“दुपटं काढून बघू.”

दुपटं काढलं. कोहळा नागडा. चे तिमा म्हणाली असा बरा दिसत नाही, म्हणून मेकची एक चड्डी आणली. चड्डी वरून चढली, पण पायांच्या भोकांतून बाहेर यायला काही नव्हतं. दोघी म्हाताऱ्या त्या दोन रिकाम्या भोकांकडं बघत बसल्या. केलसुमनं बक्कल वर ओढलं. ते कोहळ्याच्या पोटाला येऊन टेकलं. उजवीकडं घेतलं, कोहळा डावीकडं लवंडला. डावीकडं घेतलं, उजवीकडं लवंडला.

“हे मधलं मधे जायला पाहिजे,” केलसुम पुटपुटली. “पण मधे म्हणजे कशाच्या मधे?”

“पायांच्या,” चे तिमा म्हणाली. “आणि कोहळ्याला पाय नसतात, बाई. एवढं तर मलाही कळतं.”

केलसुमचा हात थांबला.

मग तिनं दुपटं उचललं, मांडीवर पसरलं आणि त्याच्याकडं असं बघितलं की जणू ते कोणी पहिल्यांदाच तिच्या हातात दिलंय.

“मीच तिचे पाय काढून घेतले,” ती म्हणाली.

“काय?”

“पाय होते तिला. दोन खांदे होते. पट्टे त्यांनाच धरतात. मी बांधून बांधून तिचा कोहळा केला, तिमा. धरायला काही ठेवलंच नाही.”

चे तिमानं पापडाच्या पिठाचे हात झटकले. “मग इतकी वर्षं कोणाचं काही झालं नाही ते?”

“इतकी वर्षं देरामानची सायकल होती. कोंबडी आडवी आली तर सायकल थांबायच्या आधी कोंबडीच थांबून आमच्याकडं बघायची.”

“आणि नंतर गाड्या होत्या की.”

गाड्या होत्या, खरंच. मागच्या बाकावर ती होती, मांडीवर पोरं होती, आणि पुढं कितीतरी वळणं असतील जिथं नेमकी त्या दिवशी गाय बसली नव्हती. कितीजणांना मी हसत हसत घरी आणलं, तिच्या मनात आलं, आणि ते माझ्या मांडीमुळं पोचले की गायी दुसरीकडं बसल्या म्हणून? रोहाइझा मिसी पोचली. सुरायनी स्वतः पोचली. तिला एकदम तहान लागली. तिनं पाणी प्यायलं, तरी तहान गेली नाही.

मग ती उठली आणि सुरायनीचे बाळंतपणाचे मोजे घेऊन आली. त्यांत तांदूळ भरले, तोंडं शिवली आणि कोहळ्याला दोरीनं बांधली. झाले पाय.

त्या दिवसापासून रोज दुपारी ओट्यावर कोहळा खुर्चीत बसायला लागला. पट्टे खांद्यांवरून. कोहळ्याला खांदे कुठले, पण जिथं असते तिथून. बक्कल पायांमधून. खट्. खट्. मग ओढायचं. किती ओढायचं हे अझाननं सांगितलं होतं की पट्टा चिमटीत येता कामा नये, पण तिला चिमटीपेक्षा तळव्याचं जास्त कळे. बाळंतिणीच्या पोटाचा वेढा कुठं आवळलेला असतो आणि कुठं नुसता गुंडाळलेला, हे ती डोळे मिटून सांगायची. पट्टाही शेवटी वेढाच. चौथ्या दिवशी तिनं खुर्ची कलती केली, पालथी केली, हलवली. तांदळाचे पाय हवेत नाचले. कोहळा जागचा हलला नाही. मग तिनं दुपटं घेतलं आणि बांधलेल्या पट्ट्यांच्या वरून, छातीच्या खालून पांघरलं, कडा दोन्हीकडं नुसत्या सारल्या.

मागं सुरायनी केव्हाची उभी होती कोणास ठाऊक. ती हसली. पोटाला वेढे असताना हसू नये म्हणून पोट धरून हसली.

“माझे मोजे शोधत होते मी,” ती म्हणाली. जवळ येऊन तिनं पट्टा चिमटीत धरायला बघितला. आला नाही.

“आता सांग,” केलसुम म्हणाली.

“कोहळा आहे, आई. कोहळा रडत नाही. बाळ रडतं. ती रडेल तेव्हा तू काय करशील, ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे?”

केलसुमनं खरं सांगितलं. “नाही.”

चव्वेचाळीस दिवस भरले. पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी अझान गाडी घेऊन आला. सुरायनीनं पाळणाघराला फोन केला होता की नाही, हे केलसुमनं विचारलं नाही. सुरायनी फक्त म्हणाली, “तूर्त ये. महिनाभर बघू.” महिनाभर म्हणजे वस्तू आवडली नाही तर परत करतात तसं, असं केलसुमला वाटलं, पण पिशवी तिनं उचलली. बुडूची बाटली, दगड, आणि कोहळाही, कारण एवढं अंगाखांद्यावर खेळवल्यावर त्याला चे तिमाच्या हाती भाजीला देववेना.

“बस, आई. तू लाव,” सुरायनी म्हणाली आणि बाजूला झाली.

केलसुमनं लावलं. सुरायनीनं चिमटी लावून बघितली, मान हलवली आणि पुढं जाऊन बसली.

पहिले दोन तास मेक झोपली. एकदा थांबून दूध पाजलं. मग गुआ मुसांगच्या पुढचा घाट लागला. एकामागं एक वळणं, समोरून लाकडाचे ट्रक, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला काही नाही. तिथं मेक जागी झाली.

आधी कुरकुर. मग रडणं. मग असं रडणं की चेहरा लालबुंद, आवाज मध्येच तुटतो आणि परत येईपर्यंत ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. केलसुमनं दुपट्यावर हात ठेवला. थोपटलं. गुणगुणली. सगळ्या अंगातून एकच गोष्ट वर येत होती, घे तिला. गुडघे आपोआप फाकले, सारोंग ताणली गेली. बक्कलाचा लाल खटका बोटाच्या अंतरावर.

दहा मिनिटं झाली. पुढं सुरायनीनं कान झाकले. मग उघडले. मग ती वळली आणि तिचे डोळे भरले होते.

“आई,” ती म्हणाली, “काढ ना तिला. पाचच मिनिटं. घट्ट धर. तुझ्याइतकं कोण धरतं?”

केलसुमला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. हीच वाक्यं ऐकायची तिनं दीड महिना वाट बघितली होती. तिनं मेककडं बघितलं. मग सुरायनीकडं. मग आपल्या तळव्याकडं, ज्यात ते डोकं येऊन थांबलं होतं.

“गाडी थांबव,” ती म्हणाली.

“इथं कुठं थांबवू, आई?” अझान ओरडला. मागं ट्रक, पुढं ट्रक.

“मग जिथं जागा मिळेल तिथं थांबव. तोवर रडू दे.”

“आई!” सुरायनी म्हणाली.

“रडू दे म्हटलं ना! गाडी चालू असताना मी काढणार नाही. तूच शिकवलंस, आता तूच पढवू नकोस दुसरं.” आणि असं बोलून ती स्वतःच रडायला लागली, मेकपेक्षा थोडं हळू. एक हात दुपट्यावर, दुसऱ्यानं नाक पुसत. आपण दगड झालो की शहाण्या झालो, तिला काही कळेना. देरामान असता तर त्याला विचारलं असतं. पण देरामाननं नुसतं पॅडल मारणं थोडं हळू केलं असतं.

पुढचा अर्धा तास त्या गाडीत कोणाला आठवायला आवडत नाही. घाट संपला तिथं भाजलेल्या मक्याची टपरी होती. गाडी थांबली. इंजिन बंद झालं. केलसुमनं ते बंद झाल्याचं ऐकलं, मग बक्कल उघडलं, मेकला उचललं आणि टपरीच्या बाकावर बसून मांडीवर घेतलं. मेक दोन हुंदके देऊन गप्प झाली आणि टपरीवाल्या बाईच्या निळ्या छत्रीकडं बघायला लागली, जसं काही झालंच नव्हतं. अझाननं सगळ्यांसाठी मका घेतला. कोणी खाल्ला नाही, मग सगळ्यांनी खाल्ला.

निघायच्या वेळी केलसुमनंच मेकला परत बसवलं. पाय, खांदे, खट्, खट्, ओढा. सुरायनी पुढं गेली नाही. वाकून तिनं पट्टा चिमटीत धरायला बघितला. आला नाही. ती तशीच वाकून राहिली थोडा वेळ.

“पाळणाघरवाल्या बाईंना नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली. “पण आई, तुला राग नाही ना आला? मीच काढ म्हणाले.”

“काय माहीत,” केलसुम म्हणाली. “तू म्हणालीस तेव्हा बरं वाटलं. आणि नाही म्हटलं तेव्हा वाईट वाटलं. उलटं वाटायला हवं होतं ना?”

सुरायनीनं मागचं दार लावलं आणि पुढं जाऊन बसली.

गाडी निघाली. मेक झोपली. केलसुमची मांडी पुन्हा रिकामी, आणि हातांना कळेना आपण कुठं असायचं. ते पट्ट्यावर गेले, पट्टा घट्ट होता. दुपट्यावर गेले, दुपटं नीट होतं. शेवटी तिनं पायाशी ठेवलेला कोहळा उचलून मांडीवर घेतला. तांदळाचे पाय अजून होते त्याला.

आरशातून अझाननं बघितलं.

“आई,” तो म्हणाला, “तो खाली ठेवा. ब्रेक लागला तर तो उडून माझ्या डोक्यात बसेल.”

“कोहळासुद्धा?”

“कोहळासुद्धा.”

केलसुमनं कोहळा खाली ठेवला, दोन पावलांच्या मध्ये घट्ट दाबून. मग गुडघे जवळ घेतले, आणि सारोंगची झोळी मिटली.